विकत घेतलेले गाणे कोणाचे?



महाराष्ट्रातील सुशिक्षित घराची ओळख एके काळी पुस्तकांच्या कपाटावरून आणि ध्वनिमुद्रिकांच्या संग्रहावरून होत असे. पुणे आकाशवाणीवरून १९५५-५६ या काळात ‘गीतरामायणा’ची छप्पन्न गीते आठवड्याला एक या क्रमाने प्रसारित झाली. नभोवाणीवरचे गाणे त्या क्षणापुरते असे. ते ऐकले आणि संपले. पुढे तीच गीते तबकड्यांवर, कॅसेटवर आणि सीडीवर आली, तेव्हा ती घरात राहू लागली. तबकडी शेजाऱ्याला ऐकायला देता येई, लेकीला भेट म्हणून देता येई, नको झाली तर जुन्या बाजारात विकता येई आणि वडिलांच्या पश्चात ती मुलांकडे येई. ज्या दुकानातून ती घेतली ते दुकान बंद झाले, तरी घरातील तबकडीवर त्याचा कोणताही परिणाम होत नसे. ‘खरेदी’ या शब्दाचा अर्थ एवढा साधा आणि पक्का होता.

आज मोबाईलच्या पडद्यावरही ‘खरेदी करा’ असेच शब्द दिसतात. परंतु त्या बटणावर बोट ठेवल्यावर होणारा व्यवहार तबकडीच्या व्यवहाराहून मूलतः वेगळा आहे. ॲपल, ॲमेझॉन आणि गूगल या तीन कंपन्यांनी गेल्या दोन दशकांत गाणी, पुस्तके आणि चित्रपट यांची जी दुकाने उघडली आणि त्यांना जोडून जे ‘क्लाऊड’ उभे केले, त्यांची तुलना प्रायः सोयीच्या अंगाने होते. कोणाकडे गाणी अधिक आहेत, कोणाचे शुल्क कमी आहे, एवढेच पाहिले जाते. वस्तुतः अधिक महत्त्वाचा प्रश्न निराळा आहे. पैसे दिल्यानंतर ग्राहकाच्या हाती नेमके काय येते आणि ते किती काळ टिकते?

कुलपासह विक्री

१९९९ मध्ये अमेरिकेत नॅपस्टर ही सेवा सुरू झाली आणि तरुण मंडळी एकमेकांच्या संगणकांवरून गाणी फुकट उतरवून घेऊ लागली. ध्वनिमुद्रिका कंपन्या न्यायालयात गेल्या आणि २००१ मध्ये ती सेवा बंद पडली. तथापि लोकांची सवय बदलून गेली होती. दुकानात जाऊन दहा गाण्यांची सीडी घेण्यापेक्षा हवे ते एकच गाणे घरबसल्या मिळवणे त्यांना ठाऊक झाले होते. ही मागणी ओळखून ॲपलने २८ एप्रिल २००३ रोजी ‘आयट्यून्स म्युझिक स्टोअर’ उघडले. आरंभी त्यात दोन लाख गाणी होती, प्रत्येकाची किंमत ९९ सेंट होती आणि पहिल्या आठवड्यातच दहा लाख गाणी विकली गेली.

परंतु ती गाणी कुलपासह विकली जात होती. ‘फेअरप्ले’ नावाच्या तंत्राने प्रत्येक फाईल सांकेतिक स्वरूपात बंदिस्त केलेली असे आणि तिची किल्ली ग्राहकाच्या खात्याशी बांधलेली असे. ठरावीक संख्येच्या संगणकांवरच ती वाजे, आणि अन्य कंपन्यांच्या बहुतेक म्युझिक प्लेअरवर ती मुकी राही. सीडीवर उतरवण्याची मुभा होती, एवढीच काय ती पळवाट. फेब्रुवारी २००७ मध्ये स्टीव्ह जॉब्स यांनी जाहीर पत्र लिहून सांगितले की, हे कुलूप ध्वनिमुद्रिका कंपन्यांच्या आग्रहामुळे आहे आणि त्यांनी संमती दिल्यास ॲपल कुलपाविना गाणी विकेल. त्याच वर्षी ईएमआय कंपनी राजी झाली. सप्टेंबर २००७ मध्ये ॲमेझॉनने आपले दुकान मुळातच कुलपाविना एमपीथ्री स्वरूपात सुरू केले आणि जानेवारी २००९ मध्ये ॲपलने आपली सर्व गाणी मुक्त करत असल्याची घोषणा केली. संगीताचे कुलूप असे निघाले. चित्रपटांचे आणि बहुतांश इलेक्ट्रॉनिक पुस्तकांचे मात्र आजही निघालेले नाही.

तीन कंपन्या, तीन हिशेब

या तिन्ही कंपन्यांचे वर्तन समजून घ्यायचे, तर प्रत्येकीचे मूळ उत्पन्न कोठून येते हे पाहावे लागते. ॲपलचा मुख्य नफा यंत्रांच्या विक्रीतून येतो. गाणे हे आयपॉड आणि पुढे आयफोन खपवण्याचे साधन होते. म्हणून तिच्या दुकानातील वस्तू तिच्याच यंत्रावर सर्वांत सुखाने नांदतात. ॲमेझॉन हा मूळचा दुकानदार. ग्राहकाच्या हाती कोणाचेही यंत्र असो, त्याने खरेदी आपल्याकडे करावी एवढीच त्याची अपेक्षा. गूगलचे उत्पन्न जाहिरातींचे. अँड्रॉइड ही प्रणाली अनेक उत्पादकांच्या मोबाईलवर पोहोचवून लोकांना आपल्या सेवांच्या परिघात ठेवणे हे तिचे धोरण.

२०११ मध्ये या तीन हिशेबांचे दर्शन एकाच वेळी घडले. मार्चअखेर ॲमेझॉनने ‘क्लाऊड ड्राइव्ह’ आणि ‘क्लाऊड प्लेअर’ सुरू केले. पाच गिगाबाईट जागा विनामूल्य होती. आपली गाणी तेथे चढवून ठेवावीत आणि कोठूनही ऐकावीत अशी व्यवस्था होती. मे महिन्यात गूगलने ‘म्युझिक बीटा’ जाहीर केले आणि वीस हजार गाण्यांपर्यंतची सोय विनामूल्य देऊ केली. या दोन्ही कंपन्यांनी त्यासाठी ध्वनिमुद्रिका कंपन्यांचा परवाना घेतला नव्हता. ग्राहक आपलीच वस्तू आपल्या जागेत ठेवतो आहे, मग परवाना कशाला, असा त्यांचा युक्तिवाद होता. जून महिन्यात ॲपलने ‘आयक्लाऊड’ जाहीर केले आणि नोव्हेंबरमध्ये अमेरिकेत ‘आयट्यून्स मॅच’ सुरू केले. वर्षाला सुमारे पंचवीस डॉलर शुल्क आणि पंचवीस हजार गाण्यांची मर्यादा होती. ॲपलने मोठ्या ध्वनिमुद्रिका कंपन्यांशी रीतसर करार केले होते.

या दोन पद्धतींतील तांत्रिक भेद उद्बोधक आहे. गूगलच्या आरंभीच्या पद्धतीत ग्राहकाला प्रत्येक फाईल स्वतः चढवावी लागे. एक गाणे सरासरी पाच मेगाबाईटचे धरले, तर वीस हजार गाण्यांचे सुमारे शंभर गिगाबाईट होतात. सेकंदाला एक मेगाबिट या वेगाने ती चढवायची तर नऊ दिवस-रात्र अखंड लागतील. ॲपलने निराळा मार्ग धरला. संगणकातील गाणे ओळखून, ते आपल्या भांडारात आधीच असेल तर चढवण्याची गरजच ठेवली नाही. ग्राहकाला भांडारातील प्रत उपलब्ध करून दिली. न सापडलेली गाणीच तेवढी चढवावी लागत. सोय निःसंशय मोठी होती. पण तिचा एक परिणामही होता. ग्राहकाने आपल्या हाताने सीडीवरून उतरवलेल्या प्रतीऐवजी तो आता कंपनीच्या भांडारातील प्रत ऐकू लागला. ‘माझी फाईल’ आणि ‘कंपनीची फाईल’ यांतील सीमारेषा येथेच पुसट झाली.

मेघ विरतात तेव्हा

या सेवांचे पुढे काय झाले? ॲमेझॉनने स्वतःची गाणी चढवण्याची सोय २०१७ च्या अखेरीस गुंडाळायला घेतली. गूगलने आपली मर्यादा २०१५ मध्ये पन्नास हजार गाण्यांपर्यंत वाढवली होती; परंतु २०२० च्या अखेरीस ‘गूगल प्ले म्युझिक’ ही सेवाच बंद केली आणि ग्राहकांना यूट्यूब म्युझिककडे जाण्यास सांगितले. मुदतीत संग्रह हलवला त्यांचा वाचला. ज्यांनी सूचना वाचली नाही, त्यांचा संग्रह २०२१ मध्ये पुसला गेला. ॲपलची सशुल्क सेवा तुलनेने दीर्घकाळ टिकली. फुकट जागा देणाऱ्यांनी आधी दिवा मालवला, हा योगायोग मानता येत नाही. जिचे शुल्कच नाही, ती सेवा चालू ठेवण्याचे बंधन कंपनीवर कोणते?

शुल्क भरल्यानेही खात्री मिळते असे नाही. मायक्रोसॉफ्टने २००८ मध्ये जाहीर केले की, ‘एमएसएन म्युझिक’मधून घेतलेल्या गाण्यांच्या किल्ल्या देणारे सर्व्हर बंद होतील. म्हणजे नवा संगणक घेतल्यावर जुनी, पैसे मोजलेली गाणी त्यावर वाजणार नव्हती. ग्राहकांनी ओरड केल्यावर ती मुदत २०११ अखेरपर्यंत लांबवण्यात आली. याच कंपनीने २०१९ मध्ये आपले पुस्तकांचे दुकान बंद केले, तेव्हा ग्राहकांनी घेतलेली पुस्तके त्यांच्या यंत्रांवरून नाहीशी झाली. पैसे परत मिळाले हे खरे. पण पुस्तके परत मिळाली नाहीत.

जुलै २००९ मधील घटना तर बोलकी आहे. हक्क नसलेल्या एका विक्रेत्याने किंडलवर जॉर्ज ऑर्वेलची ‘१९८४’ आणि ‘ॲनिमल फार्म’ ही पुस्तके विकली होती. हे ध्यानात येताच ॲमेझॉनने ती ग्राहकांच्या यंत्रांतून दुरूनच पुसून टाकली आणि किंमत परत केली. कंपनीचे प्रमुख जेफ बेझोस यांनी नंतर जाहीर माफी मागितली. कागदी पुस्तकाच्या बाबतीत विक्रेता चुकला, तर प्रकाशक त्याच्यावर दावा लावेल. रात्री घरात शिरून कपाटातील पुस्तक कोणी उचलून नेणार नाही. डिजिटल कपाटाची एक किल्ली मात्र कायम दुकानदाराकडे असते.

कुंपणे आणि फाटके

एकाच घरात वडिलांकडे अँड्रॉइड, मुलीकडे आयफोन आणि आजोबांकडे किंडल अशी स्थिती आज सर्रास आढळते. अशा कुटुंबाने खरेदी कोठे करावी? गाण्यांबाबत उत्तर सोपे आहे. कुलूप नसलेली फाईल कोणत्याही यंत्रावर वाजते. पुस्तकांबाबत फरक पडतो. किंडलची पुस्तके दोन्ही प्रकारच्या मोबाईलवर वाचता येतात, गूगल प्ले बुक्सचीही येतात. परंतु ॲपल बुक्समधून घेतलेल्या पुस्तकासाठी अँड्रॉइडवर ॲपच नाही. चित्रपटांचे कुलूप सर्वांकडेच आहे. केवळ ते उघडणारी ॲप्स आता अधिक यंत्रांवर पोहोचली आहेत. ॲपलने आपले संगीताचे ॲप २०१५ मध्ये आणि चित्रपटांचे ॲप २०२५ मध्ये अँड्रॉइडवर आणले.

कुंपणाचा दुसरा भाग दलालीचा. ॲपमधून होणाऱ्या डिजिटल विक्रीवर ॲपल आणि गूगल तीस टक्क्यांपर्यंत दलाली आकारत आल्या आहेत. पुस्तकाच्या विक्रेत्याला एवढी दलाली परवडत नाही. परिणामी २०११ मध्ये आयफोनच्या किंडल ॲपमधून दुकानाचे बटण गेले आणि २०२२ मध्ये अँड्रॉइडच्या ॲपमधूनही खरेदी बंद झाली. अमेरिकेतील न्यायालयाच्या आदेशानंतर मे २०२५ मध्ये तेथील आयफोनवर ते बटण परतले. भारतात स्पर्धा आयोगाने ऑक्टोबर २०२२ मध्ये प्ले स्टोअरच्या देयक-धोरणावरून गूगलला ९३६.४४ कोटी रुपयांचा दंड ठोठावला. मार्च २०२५ मध्ये अपिलीय न्यायाधिकरणाने ती रक्कम बरीच कमी केली. वाचक ॲपमध्ये पुस्तक शोधतो, त्याला ते मिळत नाही आणि कारणही कळत नाही. त्यामागे दोन कंपन्यांतील हा वाटणीचा वाद असतो.

आणखी एक कुंपण देशांच्या सीमेचे आहे. प्रत्येक खाते एका देशाच्या दुकानाशी जोडलेले असते. अमेरिकेत काही वर्षे नोकरी करून पुण्या-मुंबईला परतणाऱ्या मराठी कुटुंबांना याचा प्रत्यय येतो. ॲपलच्या खात्याचा देश बदलण्यापूर्वी शिल्लक रक्कम संपवावी लागते, चालू वर्गणी आवरावी लागते. गूगल प्लेमध्ये देश वर्षातून एकदाच बदलता येतो. सामानाच्या पेटीतून आणलेल्या सीडीला असे काही विचारले जात नाही.

भारतातील अनुभव

भारतात विक्रीची दुकाने उशिरा आली आणि लवकर ओस पडली. फ्लिपकार्टने फेब्रुवारी २०१२ मध्ये ‘फ्लाइट’ हे कुलपाविना गाणी विकणारे दुकान उघडले आणि जून २०१३ मध्ये बंद केले. ॲपलचे आयट्यून्स दुकान डिसेंबर २०१२ मध्ये येथे आले. परंतु तोवर सावन आणि गाना यांसारख्या सेवा जाहिरातींच्या आधारे विनामूल्य गाणी ऐकवू लागल्या होत्या, आणि सप्टेंबर २०१६ मध्ये जिओने डेटा अतिशय स्वस्त केल्यावर विकत घेण्याचे प्रयोजनच लोकांना वाटेनासे झाले. २५६ किलोबिटच्या दर्जाने तासभर गाणी ऐकली तर सुमारे ११५ मेगाबाईट डेटा खर्च होतो. पूर्वी ही चैन होती, आता ती नित्याची बाब झाली.

या बदलाचे लाभ नाकारता येणार नाहीत. तालुक्याच्या गावी राहणाऱ्या विद्यार्थ्याला एकाच रागाची चार घराण्यांची गायकी एका संध्याकाळी तुलना करून ऐकता येते. पूर्वीच्या पिढीला त्यासाठी वर्षानुवर्षे संग्रह करावा लागे किंवा एखाद्या संग्राहकाच्या घरी जाऊन बसावे लागे. पण स्थैर्याचे काय? ‘गाना’ने २०२२ मध्ये विनामूल्य श्रवण बंद केले, ‘रेसो’ जानेवारी २०२४ मध्ये भारतातून गेले, एअरटेलचे ‘विंक’ही २०२४ मध्येच बंद झाले. प्रत्येक वेळी श्रोत्यांनी निवडून, क्रम लावून केलेल्या याद्या अडचणीत आल्या.

गाणे कंपनीच्या भांडारात असले तरी हक्क त्या कंपनीचाही नसतो, हे विंकच्याच एका खटल्यात दिसले. विंकने टिप्स कंपनीची गाणी वैधानिक परवान्याच्या तरतुदीखाली वापरण्याचा दावा केला होता. मुंबई उच्च न्यायालयाने एप्रिल २०१९ मध्ये तो फेटाळला आणि ती तरतूद नभोवाणी व दूरचित्रवाणीपुरती आहे, आंतरजालावरील सेवांना ती लागू नाही, असा निर्णय दिला; २०२२ मध्ये खंडपीठाने तो कायम ठेवला. याचा व्यावहारिक अर्थ असा की, हक्कधारकाशी करार मोडला की गाणे सेवेतून जाते. श्रोत्याची वर्गणी चालू असली तरी त्याला त्यात म्हणणे मांडता येत नाही.

वारसा कोणाकडे?

कायद्यानेही हा भेद आता स्पष्ट केला आहे. वापरलेली डिजिटल गाणी पुन्हा विकण्याचा बाजार ‘रीडिजी’ या कंपनीने अमेरिकेत चालवला होता. तेथील अपिलीय न्यायालयाने २०१८ मध्ये तो बेकायदा ठरवला, कारण फाईल देताना तिची नवी प्रत तयार होते. युरोपीय न्यायालयाने २०१९ मध्ये वापरलेल्या इलेक्ट्रॉनिक पुस्तकांबाबत तसाच निर्णय दिला. कॅलिफोर्निया राज्याने तर कायदाच केला. १ जानेवारी २०२५ पासून तेथे केवळ परवाना देणाऱ्या विक्रेत्याला ते स्पष्ट न सांगता ‘खरेदी’ हा शब्द वापरता येत नाही; ग्राहकाला कायमची उतरवून घेता येणारी वस्तू असेल, तर हे बंधन नाही. शब्द प्रामाणिक असावा, एवढीच या कायद्याची मागणी आहे. त्याच वर्षी फेब्रुवारीत ॲमेझॉनने किंडलची पुस्तके संगणकावर उतरवून घेऊन यंत्रात भरण्याची जुनी सोय काढून टाकली.

मृत्यूनंतरचा प्रश्न अधिक नाजूक आहे. ॲपलने २०२१ च्या डिसेंबरात ‘लेगसी कॉन्टॅक्ट’ची सोय केली. खातेदाराच्या निधनानंतर त्याने नेमलेल्या व्यक्तीला छायाचित्रे, टिपणे, पत्रव्यवहार मिळू शकतो. परवान्याने घेतलेली गाणी, पुस्तके आणि चित्रपट मात्र त्यातून वगळलेले आहेत. गूगलची निष्क्रिय खात्याची व्यवस्था २०१३ पासून आहे. तिच्यात कोणती माहिती कोणाला द्यायची हे आधी ठरवून ठेवता येते. आजोबांनी तीस वर्षांत जमवलेली कागदी ग्रंथसंपदा नातवाकडे येते. त्यांनी तेवढ्याच प्रेमाने निवडलेला डिजिटल संग्रह त्यांच्या खात्याबरोबरच थांबतो.

हे नुकसान एका घरापुरते राहत नाही. भारतीय संगीताची शंभर वर्षांपूर्वीची ध्वनिमुद्रणे आज ऐकायला मिळतात, याचे बरेचसे श्रेय खासगी संग्राहकांना जाते. १९९० मध्ये मुंबईत स्थापन झालेल्या ‘सोसायटी ऑफ इंडियन रेकॉर्ड कलेक्टर्स’ या संस्थेने आणि सुरेश चांदवणकरांसारख्या अभ्यासकांनी अशा संग्रहांच्या आधारे फार मोलाचे काम केले. हे शक्य झाले, कारण कंपन्यांनी जे जपले नाही ते कोणाच्या तरी माळ्यावर, कोणाच्या तरी पेटीत शिल्लक होते आणि ते दुसऱ्याला देण्याचा मालकाला अधिकार होता. वर्गणीवर ऐकलेल्या गाण्याची पेटी उद्या कोणाच्याही माळ्यावर सापडणार नाही.

घराने काय करावे?

या सर्व विवेचनाचा निष्कर्ष स्ट्रीमिंग सोडून द्यावे असा नाही. ऐकण्याच्या गोष्टी आणि जपण्याच्या गोष्टी यांत कुटुंबाने भेद करावा, हा आहे. रोजच्या श्रवणासाठी कोणतीही सेवा घ्यावी. ती म्हणजे नभोवाणीचे नवे रूप आहे असे समजून वापरावी. जे पुढच्या पिढीला द्यायचे आहे, ते मात्र कुलपाविना फाईल, सीडी किंवा कागदी पुस्तक या रूपात घ्यावे. आठ मेगाबाईटची दहा हजार गाणी ऐंशी गिगाबाईटमध्ये मावतात. म्हणजे १२८ गिगाबाईटच्या नखाएवढ्या कार्डावर घराचा आयुष्यभराचा संगीतसंग्रह बसतो. त्याच्या दोन प्रती वेगवेगळ्या साधनांवर घरी आणि एक प्रत नातेवाइकांकडे असावी. ही साधनेही बिघडतात, म्हणून वर्षातून एकदा ती उघडून पाहावीत.

सर्वांत आधी हात घालावा तो घरच्या ध्वनिमुद्रणांना. आजीच्या ओव्या, वडिलांचे व्याख्यान, गावच्या उत्सवातील कीर्तन यांच्या जुन्या कॅसेटची फीत दरवर्षी अधिक जीर्ण होते आणि जगातील कोणत्याही दुकानात त्यांची दुसरी प्रत नाही. त्या संगणकावर उतरवाव्यात. क्लाऊडवर अवश्य ठेवाव्यात, परंतु केवळ क्लाऊडवर ठेवू नयेत. घरातील कोणती वस्तू कोणत्या खात्यात आहे, याची एक यादी कागदावर लिहून महत्त्वाच्या कागदपत्रांबरोबर असू द्यावी. ॲपल आणि गूगलने दिलेली उत्तराधिकाऱ्याची सोय आजच भरून ठेवावी.

ग्राहकाच्या हातीही काही बळ आहे. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यात अन्याय्य कराराची संकल्पना आली आहे. ‘खरेदी’ या बटणामागे मालकी आहे की परवाना, हे ठळक मराठीत सांगा, अशी मागणी ग्राहक संघटनांनी लावून धरण्याजोगी आहे. संगीतावरील कुलूप २००९ मध्ये निघाले, एमएसएनची मुदत वाढली, कॅलिफोर्नियात कायदा झाला. यांतील प्रत्येक बदलाच्या मागे ग्राहकांची नाराजी होती. तोवर पडद्यावर ‘खरेदी करा’ हे शब्द दिसले की पैसे देण्यापूर्वी प्रत्येकाने एवढे तपासावे: ही वस्तू आपल्या घरात उतरवून घेता येते काय, आणि ती आपल्या पश्चात मुलांच्या हाती पडेल काय? दोन्ही उत्तरे नकारार्थी असतील, तर ती किंमत भाडे समजूनच द्यावी.